त्रेचाळिसाव्या वर्षी ब्राऊन बेल्टची परीक्षा, जसं झालं तसं

१३ एप्रिल २०२५ ला कराटेची थर्ड क्यूची, म्हणजे आमच्याकडच्या पहिल्या ब्राऊन बेल्टची ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा दिली (क्यू म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्या, वर जाताना आकडा उतरत जातो). रिझल्ट आला, सर्टिफिकेट हातात पडलं, त्यातलं स्पेलिंग दुरुस्त होऊनही आलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. लिहितेय एवढ्यासाठीच की डिसेंबरमध्ये मी शोधाशोध करत होते तेव्हा जे सापडलं ते सगळं 'मुलांना कराटेला घालण्याचे फायदे' छापाचं होतं. जिचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात आणि जिला सकाळी साडेनऊला फोर्टला पोचायचंय त्या बाईने काय करायचं हे कुणी लिहिलेलंच नव्हतं.

मी भांडुपची. क्लास मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. लेकीला न्यायला-आणायला जायचे, कोविडनंतर क्लास परत सुरू झाले तेव्हा सर एकदा म्हणाले, "मॅडम, बाकावर बसून मोबाईल बघताय त्यापेक्षा उभ्या राहा की मागच्या लाइनीत." राहिले. लेक आता माझ्यापुढे आहे आणि घरी ती माझी स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची पद्धत, बघून जे तोंड करते त्याला तोड नाही. मोठी माणसं बॅचमध्ये तशी मोजकीच, एक पोस्टातले काका, एक नर्स आणि मी. बाकी सगळी चिल्लीपिल्ली, आणि ती मला काकू म्हणतात.

आधी एक सांगते. आमची स्टाइल शोतोकान. शितो-र्यू, गोजू-र्यू, वादो-र्यू असणाऱ्यांच्या काता (म्हणजे एकट्याने करायच्या, क्रम ठरलेल्या हालचाली) वेगळ्या, आणि एकाच स्टाइलमध्येही संस्थेसंस्थेनुसार बेल्टचे रंग, सिलॅबस, फी सगळं बदलतं. दहावी-बारावीसारखं एक बोर्ड नाही ह्यात. त्यामुळे मी खाली जे लिहितेय ते तसंच्या तसं धरू नका, आपल्या सरांकडून छापील सिलॅबस मागून घ्या. तोंडी सांगितलेलं मागाहून बदलतं, कागदावरचं सहसा बदलत नाही.

फॉर्म जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला. त्याला काय काय लागलं तर दोन पासपोर्ट फोटो (कराटेचा ड्रेस घालून काढलेले, साध्या कपड्यांतले परत पाठवले), आधीच्या सगळ्या बेल्टच्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, हजेरी कार्डावर सरांची सही, आणि पस्तिशीच्या पुढच्यांसाठी डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट. शिवाय एक संमतीपत्र, की लागलं-बिगलं तर जबाबदारी माझी. मुलांच्या फॉर्मवर तिथे पालकाची सही असते. मी सरांना विचारलं, माझ्या फॉर्मवर कुणाची घ्यायची? ते म्हणाले मिस्टरांची घ्या. मी म्हटलं सज्ञान आहे हो मी, तर हसले आणि तो रकाना काट मारून सोडून दिला.

डॉक्टरांकडचा किस्सा म्हणजे आमचे फॅमिली डॉक्टर वीस वर्षं ओळखतात, ते आधी म्हणाले "मुलीसाठी ना?" मग बीपी बघितलं, छातीला स्टेथोस्कोप लावला, जागेवर थोड्या उठाबशा काढायला लावल्या, परत नाडी बघितली आणि लिहून दिलं. २०० रुपये. टीप अशी की सर्टिफिकेटवर डॉक्टरांचा शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे ना हे दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधी बघा. पोस्टातल्या काकांना नंबर नव्हता म्हणून दुसऱ्यांदा जावं लागलं, आणि त्यांचे डॉक्टर तेव्हा गावाला गेलेले.

परीक्षेची फी २,२०० रुपये, त्यात सर्टिफिकेट धरलेलं, बेल्टचे २५० वेगळे. गैरहजर राहिलात तर पैसे परत नाहीत, पण आधी कळवलं तर पुढच्या ग्रेडिंगला धरतात. हे फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं.

आता सिलॅबस. तीन भाग असतात : किहोन म्हणजे ओळीत पुढे-मागे जात करायची बेसिक्स, मग काता, मग कुमिते म्हणजे जोडीदारासमोरची लढत. शेवटी थोडी तोंडी. किहोनमध्ये सानबोन-झुकी (लागोपाठ तीन पंच), आगे-उके (वरचा फटका अडवणं) आणि लगेच ग्याकू-झुकी (मागच्या हाताचा पंच), शुतो-उके (उघड्या हाताने अडवणं), लागोपाठच्या माए-गेरी, योको-गेरी, मावाशी-गेरी (समोरची, बाजूची आणि गोल फिरवून मारायची लाथ). नावं वाचून घाबरू नका, व्हाइट बेल्टपासून हेच चाललेलं असतं, फक्त आता दोन-तीन गोष्टी एकामागोमाग जोडून मागतात आणि वळताना तोल गेलेला लगेच दिसतो. काता दोन, एक टेक्की शोदान आणि दुसरी हेइआन नावाच्या सुरुवातीच्या पाच कातांपैकी परीक्षक ऐन वेळी सांगतील ती. म्हणजे जुनं काहीही विसरून चालत नाही.

टेक्की शोदान ही मुंबईत राहणाऱ्यांसाठीच कुणीतरी बसवली असावी असं माझं मत आहे. बाकीच्या काता पुढे-मागे-तिरक्या जातात, हेइआन गोदानमध्ये तर उडी आहे (खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यावरून एकदा बेल वाजवली होती). पण टेक्की पूर्णपणे एका आडव्या रेषेत जाते. आधी उजवीकडे, मग तेच डावीकडे, २९ हालचाली, दोन किआइ म्हणजे जोराच्या आरोळ्या. आमच्या वन बीएचकेच्या पॅसेजमध्ये, किचनच्या दारापासून बाथरूमच्या दारापर्यंत, ती बरोबर मावते. सकाळी कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत एक-दोनदा व्हायची. किआइ मात्र मनातल्या मनात.

अडचण अशी की ही सगळी काता किबा-दाची नावाच्या स्टान्समध्ये आहे. पाय खांद्याच्या साधारण दुप्पट रुंद, पावलं समांतर, गुडघे वाकवून बाहेरच्या बाजूला रेटलेले, पाठ ताठ, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत डोकं एकाच उंचीवर. मध्ये नामी-गाएशी येते, म्हणजे उभ्या पायांतला एक पाय झटकन आत वर उचलून परत तिथेच आपटायचा. तो पाय उचलताना आख्खं शरीर वर येतं आणि दुसऱ्या बाजूला कलंडतं. सर दर वेळी एकच वाक्य बोलायचे, "हात नंतर बघू, पाय दाखवा." सुरुवातीला मला ह्याचा राग यायचा कारण हातांवर मी खूप मेहनत घेतलेली. नंतर परीक्षेला बसलेल्या इतरांकडे बघताना लक्षात आलं की लांबून पहिले पायच दिसतात. हात एवढे भराभर जातात की मागच्या बाकावरून कळतही नाहीत.

त्यावर मी केलेला एक घरगुती उपाय चालला. बेडरूममधल्या गोदरेजच्या कपाटाला आरसा आहे. त्याच्यासमोर व्यवस्थित खाली किबा-दाचीत उभी राहिले आणि आरशात जिथे माझं कपाळ दिसत होतं तिथे काचेवर एक लाल टिकली चिकटवली. नामी-गाएशी करताना टिकली कपाळावरून निसटून हनुवटीवर दिसली की समजायचं आपण वर आलो. पहिले काही दिवस टिकली कपाळ सोडून सगळीकडे दिसायची. हळूहळू भुवयांवर आली, मग कपाळावरच राहायला लागली. सासूबाईंनी एकदा विचारलं, आरशाला कुंकू कशाला लावलंयस, तर लेकीने परस्पर "आईचा अभ्यास आहे तो" असं सांगून टाकलं.

गुडघ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण चाळिशीनंतर खरी परीक्षा तिथेच आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला. घाबरून फिजिओथेरपिस्टकडे गेले, पहिल्या वेळचे ६०० आणि नंतर ४०० रुपये. तिने मला तिथेच किबा-दाचीत उभं केलं आणि म्हणाली, गुडघा आत पडतोय बघा, तो पायाच्या बोटांच्या दिशेने राहायला हवा. बाहेर रेटायचं ते नुसतं गुडघ्यातून होत नाही, कंबरेच्या बाजूच्या स्नायूंमधून व्हायला हवं आणि ते स्नायू आपले दिवसभर खुर्चीत बसून झोपलेले. मग व्यायाम दिले : भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं राहायचं, कुशीवर झोपून गुडघे उघडायचे-मिटायचे, आणि जिना उतरताना घाई करायची नाही. हे शेवटचं भांडुप स्टेशनच्या ब्रिजवर सकाळी आठला कसं पाळायचं ते तिने सांगितलं नाही. पण महिनाभरात दुखणं पुष्कळ कमी झालं. दुखत असताना सरांना सांगून ठेवलेलं बरं, ते स्टान्स थोडी वर ठेवायला देतात. अंगावर काढण्यात काही शहाणपण नाही.

तारखांचा घोळ तर विचारू नका. आधी ठरलेली २३ फेब्रुवारी. पण ग्रेडिंगचा हॉल म्हणजे दादरच्या एका शाळेचा, आणि फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा सुरू, पाठोपाठ दहावी, शाळा सेंटर असल्यामुळे हॉलमध्ये बाकं मांडलेली. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, ३० मार्च. पाच मिनिटांत कुणाच्या तरी आईने लिहिलं, "सर त्या दिवशी पाडवा आहे". गुढी उभारून, श्रीखंड-पुरी सोडून आठ वाजता दादरला कोण येणार. मग ६ एप्रिल. ती निघाली रामनवमी. शेवटी १३ एप्रिल, तर त्यावर दोघातिघांचं म्हणणं की १४ ची आंबेडकर जयंतीची सुट्टी जोडून आम्ही गावाला चाललोय. सरांनी ठळक अक्षरात 'आता बदल होणार नाही' लिहिलं आणि ग्रुप फक्त अ‍ॅडमिनसाठी करून टाकला.

ह्या लांबणीचा त्रास असा झाला की तयारीचा जोर फेब्रुवारीत एकदा चढलेला, तो मार्चमध्ये उतरला. इयर-एंडिंगमुळे ऑफिसात रोज उशीर, क्लास बुडायला लागले, लेकीची वार्षिक परीक्षा. एक वेळ अशी आली की वाटलं राहू दे, पैसे पुढच्या ग्रेडिंगला धरून घेऊ. नवरा म्हणाला, "तू दे नाहीतर देऊ नको, पण आरशावरची टिकली तरी काढ, मला भांग पाडता येत नाही." टिकली ठेवली. मार्चमध्ये रोज फक्त पॅसेजमधली टेक्की आणि लोकलमध्ये तोंडी, एवढंच केलं, आणि मला वाटतं ते पुरेसं होतं, निदान गाडी पूर्ण थांबली तरी नाही.

तोंडीला फार काही नसतं पण ब्लँक व्हायला होतं. जपानी आकडे दहापर्यंत, स्टान्सची नावं, कुठल्या स्टान्समध्ये वजन कुठे (झेनकुत्सु-दाचीत पुढच्या पायावर जास्त, कोकुत्सु-दाचीत मागच्या), दोजो-कुन म्हणजे क्लास संपताना म्हणतात ती पाच वाक्यं. थोडा इतिहास : शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी १८६८ मध्ये ओकिनावात जन्मले, १९२२ मध्ये टोकियोला कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि तिथेच राहिले, १९५७ मध्ये वारले. हेइआन काता ज्यांच्यापासून आल्या त्या पिनान काता फुनाकोशींचे गुरू इतोसू यांनी शाळेतल्या मुलांना शिकवायला बसवल्या होत्या. हे मला वाचून बरं वाटलं, म्हणजे मी चिल्ल्यापिल्ल्यांच्यात उभी राहून जे करते ते मुळात त्यांच्यासाठीच होतं.

खरेदी. माझा जुना ड्रेस पातळ होता आणि गुडघ्यावर पिवळा पडलेला, म्हणून ऑफिस सुटल्यावर सीएसएमटीवरून चालत धोबीतलावला गेले, तिथे खेळाच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. जाड कापडाचा ड्रेस १,७०० ला, ग्लोव्हज ६५०, माउथगार्ड १५०. बायकांसाठी चेस्ट गार्ड वेगळं मिळतं, ते पहिल्या दुकानात नव्हतं, तिसऱ्यात मिळालं, ९०० रुपये. जाड ड्रेस दिसायला भारी, पण एप्रिलच्या दमट हवेत तो घालून पाच तास बसणं म्हणजे काय ते अनुभवल्यावर कळतं. नवा ड्रेस आधी दोन-तीनदा धुवा, आटतो. आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, पँट कडक असते, लाथ वर जात नाही.

कुमितेची तयारी क्लासमध्येच. आमच्याकडे ह्या बेल्टला जियू-इप्पोन असतं. हल्ला करणारा आधी ओरडून सांगतो की कुठे मारणार, 'जोदान' म्हणजे चेहरा, 'चुदान' म्हणजे पोट, किंवा लाथेचं नाव. फक्त कधी मारणार ते सांगत नाही. आपण अडवायचं आणि लगेच एकच उलट फटका, तोही अंगाला लागायच्या आधी थांबवायचा. माझी खोड अशी की 'जोदान' ऐकल्या ऐकल्या डोळे मिटायचे. त्यावर नर्सताईने मला उपाय दिला, समोरच्याच्या हाताकडे बघू नका, गळ्याच्या खाली छातीवर बघा, सगळे हातपाय तिथूनच निघताना दिसतात. तिला हे कुणी शिकवलं माहीत नाही, उपयोग झाला.

परीक्षेचा दिवस. रिपोर्टिंग आठला. रविवार, त्यामुळे जाताना गाडी रिकामी, येताना मेगाब्लॉक. शनिवारी रात्रीच वेळापत्रक बघून ठेवा. सकाळी साडेसहाला थोडा उपमा आणि केळं खाल्लं, बरोबर कोकम सरबत, भिजवलेले खजूर-शेंगदाणे आणि दोन टॉवेल. आठला गेलो, परीक्षा सुरू झाली सव्वानऊला, आणि क्रम व्हाइट बेल्टपासून. म्हणजे शे-सव्वाशे पोरं आधी. माझा नंबर आला तेव्हा एक वाजून गेला होता.

तर ह्या वाट बघण्याची तयारी करा, ती सिलॅबसमध्ये नसते. पहिल्याच तासाला सगळं वॉर्मअप करून दमू नका. आपल्या आधीचा ग्रुप उभा राहिला की मग दहा मिनिटं अंग हलवा. पाणी घोट-घोट प्या पण प्याच, हॉलचे पंखे वर नुसते फिरतात. बेल्ट सोडू नका, परत बांधताना हात थरथरतात. आणि गच्च भरलेल्या बायकांच्या टॉयलेटला ड्रेसची पँट, चेस्ट गार्ड, सगळं सांभाळून जायला वेळ लागतो, नंबर जवळ यायच्या आत जाऊन या. माझ्या शेजारी एक सहा-सात वर्षांचा मुलगा, त्याचं होऊन गेलेलं, आईच्या मांडीवर ड्रेसमध्येच झोपला होता. जागा झाला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कुणाची आई?" मी म्हटलं, माझी पण परीक्षा आहे. त्याने आईकडे बघून खात्री करून घेतली.

टेबलामागे तीन परीक्षक, समोर कागद. आमच्या ग्रुपमध्ये नऊ जण. किहोन जसं सरावात झालं तसंच झालं, एका वळणावर पाय थोडा अरुंद पडला असं वाटलं. टेक्की ठीक. नजर समोरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या लाल दिव्यावर ठेवलेली, टिकलीची सवय. दुसरी काता हेइआन योनदान आली, तिच्या पहिल्या दोन हालचाली सावकाश असतात, त्या दोन हालचालींत मी श्वास जागेवर आणून घेतला.

कुमितेला जोडीदार म्हणून अकरावीतला मुलगा, माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्याने 'जोदान' म्हणून जो पंच टाकला तो माझ्यापासून हातभर लांब हवेतच. परत 'चुदान', परत तेच. मधले परीक्षक ओरडले, "अरे, काकू म्हणून सोडू नकोस, तुझेही मार्क जातायत!" बिचारा लाल झाला. पुढची माए-गेरी त्याने खरी मारली, मी हात खाली आणला, कोपराजवळ ठक्कन लागलं, आणि माझी ग्याकू-झुकी त्याच्या छातीपाशी थांबली. त्याच्या ड्रेसला आयोडेक्सचा वास येत होता. 'यामे', म्हणजे 'थांबा', झाल्यावर वाकून नमस्कार केला, तेव्हा तो हळूच म्हणाला, "सॉरी काकू, लागलं का?" लागलं होतं, दोन दिवस निळं होतं. डोळे मात्र मिटले नाहीत.

तोंडीत मला फुनाकोशी टोकियोला कधी गेले ते विचारलं आणि दोजो-कुनचं तिसरं वाक्य. एक आलं, दुसऱ्याला अडखळले.

निकाल २९ एप्रिलला ग्रुपवर यादीने आला. पास, शेऱ्यात 'वळताना स्टान्स लहान होते'. सर्टिफिकेट जूनमध्ये मिळालं आणि आडनावात एक अक्षर जास्तीचं. दुरुस्तीसाठी अर्ज, आधारची झेरॉक्स परत, मूळ सर्टिफिकेट जमा, १०० रुपये, तीन आठवडे. फॉर्म भरताना नाव सुटं-सुटं, एकेका चौकटीत एकेक अक्षर असं लिहा आणि जमा करायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा, त्या फोटोमुळे माझं काम वाद न होता झालं.

बऱ्याच पालकांनी विचारलं म्हणून लिहिते, दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण बेल्टच्या परीक्षेवर मिळत नाहीत, ते ठरावीक स्पर्धांमधल्या सहभागावर आणि कामगिरीवर असतात. बेल्टसाठी मुलाला घाई करू नका.

पुढच्या सेकंड क्यूसाठी आमच्याकडे सहा महिन्यांचं अंतर लागतं आणि काता बास्साई दाई, ४२ हालचाली, पुढे-मागे चारही दिशांना. त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गच्चीची चावी मागितली आहे, त्यांनी अर्ज द्या म्हटलंय. आणि हो, नवा ब्राऊन बेल्ट पांढऱ्या ड्रेसबरोबर मशीनला टाकू नका, आमच्या ग्रुपवर दोघांचे ड्रेस चहाच्या रंगाचे झालेत.